शाळेभोवतीचे शंभर यार्ड: मुलांच्या हाती सिगारेट जाऊ नये म्हणून गावाने आणि नगरपालिकेने काय करावे

शाळकरी मुलगा सिगारेटचे पाकीट घेत नाही. तो एकच सुटी सिगारेट घेतो, तीही शाळेजवळच्या टपरीवरून, खाऊच्या पैशांतून, मधल्या सुट्टीत किंवा क्लासला जाता-येता. पेटवायला लायटर टपरीवरच दोरीला टांगलेला असतो. हा व्यवहार तीन ठिकाणी तोडता येतो. दुकान शाळेपासून लांब गेले पाहिजे, सुटी विक्री थांबली पाहिजे आणि मुलाला माल देणे विकणाऱ्याला महाग पडले पाहिजे. ग्रामपंचायत, नगरपालिका, पोलीस ठाणे आणि शाळा यांच्याकडे आज जे अधिकार आहेत, त्यांतच ही तिन्ही कामे होतात. व्याख्याने, शपथा आणि चित्रकला स्पर्धा यांना आमचा विरोध नाही. पण टपरी जागच्या जागी ठेवून घेतलेली शपथ फार काळ टिकत नाही, म्हणून आधी टपरी.

हे मार्गदर्शन मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, सरपंच, ग्रामसेवक, नगरसेवक आणि बीट अंमलदार यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, पण धूम्रपान करणारे एकूण प्रौढांच्या फक्त ३.८ टक्के आहेत. बाकी सगळा भार खर्रा, मावा, मिश्री आणि चुना-तंबाखूचा आहे. सिगारेट-विडीसाठी लावलेली यंत्रणा खर्ऱ्यालाही लावा, नाहीतर मुले एक सोडून दुसरे धरतील.

हातात असलेला कायदा

मुख्य कायदा २००३ चा, सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात. त्याचे कलम ६ दोन भागांत आहे. पहिल्या भागानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. दुसऱ्या भागानुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ते कोणालाच विकता येत नाहीत, मग गिऱ्हाईक साठ वर्षांचे का असेना. दुकानदार नेमकी इथे गल्लत करतात: ‘आम्ही मुलांना देत नाही’ हे शंभर यार्डांच्या आतल्या दुकानाला उत्तर होऊ शकत नाही. गिऱ्हाईक अल्पवयीन नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारीही नियमांनी विक्रेत्यावरच टाकली आहे. वयाची शंका आली तर त्याने पुरावा मागायचा.

कलम ६ मोडल्याचा दंड मात्र जास्तीत जास्त २०० रुपये आहे. रोजचा धंदा चालू असलेल्या टपरीला तो काहीच वाटत नाही, आणि बहुतेक मोहिमा इथेच थंडावतात. म्हणून बाकीची कलमे पाठ असली पाहिजेत.

कलम ७ नुसार पाकिटाच्या दर्शनी भागांवर सचित्र इशारा लागतो. १ एप्रिल २०१६ पासून त्याचे प्रमाण ८५ टक्के आहे. चोरट्या मार्गाने आलेल्या परदेशी सिगारेटींवर हा इशारा नसतो. असा माल विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि कलम १३ खाली माल जप्त करता येतो. जप्त माल जिल्हा न्यायाधीशांच्या मंजुरीशिवाय ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून जप्तीची तारीख नोंदवहीत ठळक लिहा.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. त्यामागचे कारण साधे आहे: सुट्या सिगारेटवर इशारा छापलेला नसतो. मुलांच्या बाबतीत दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पूर्ण पाकिटाचे पैसे एका वेळी मुलाच्या खिशात नसतात. आमच्या मते मुलांच्या दृष्टीने राज्याचा हा सर्वांत उपयोगी आदेश आहे, आणि सर्वांत कमी अंमलातला.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ सगळ्यांत कडक आहे. बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोटपाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला असा माल हाताळायला किंवा विकायला लावताही येत नाही. टपरीवर बापाऐवजी बारा वर्षांचा मुलगा बसलेला दिसला तर हा नियम आठवा. ‘बाबांनी विडी आणायला सांगितली’ म्हणून आलेल्या मुलाच्या हातात विडीचा बंडल ठेवणाराही कलम ७७ च्या कक्षेत येतो. विक्रेत्यांच्या पहिल्याच बैठकीत हे वाचून दाखवा. पण पहिल्या चुकीला ते वापरू नका. समज देऊनही जो मुलांना विकत राहतो, त्याच्यासाठी ते राखून ठेवा.

ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने संपूर्ण बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसत्या साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ती पेनासारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसते. तपासणीत पानपट्टीबरोबर मोबाइल ॲक्सेसरीज आणि भेटवस्तूंची दुकानेही पाहा. हुक्का पार्लरवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये कोटपातच दुरुस्ती करून बंदी आणली.

मोजणी: इथे चुकले की पुढचे सगळे चुकते

शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, म्हणजेच बरोबर ३०० फूट. शंभर फुटी टेप तीनदा टाकली की झाले. प्रश्न अंतराचा नसतो. कुठून मोजायचे आणि कसे, यावर वाद होतो.

नियम सांगतो की अंतर संस्थेच्या आवारभिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, त्रिज्येसारखे सरळ रेषेत मोजायचे. रस्त्याने चालत जाऊन नव्हे, आणि फाटकापासूनही नव्हे. फरक किती पडतो ते पाहा. शाळेचे आवार ६० मीटर बाय ८० मीटर असेल तर ते सव्वा एकरापेक्षा थोडे कमी भरते. त्याच्या चारही भिंतींपासून ९१.४४ मीटरचा पट्टा धरला तर सुमारे ५२ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १३ एकर क्षेत्र विक्रीबंदीखाली येते. फाटकावर उभे राहून वर्तुळ काढले तर एकूण २६ हजार चौरस मीटर मिळतात आणि त्यातलाही काही भाग शाळेच्या आतच जातो. म्हणजे निम्म्याहून अधिक हद्द हातची जाते, आणि मागच्या भिंतीपलीकडे थोड्या अंतरावर असलेली टपरी कायदेशीर ठरते. मुले नेमकी त्याच टपरीवर जातात, कारण ती शिक्षकांना दिसत नाही.

आवारभिंत नसेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरची हद्द धरा. आधी मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात अंतर मोजण्याची सोय वापरून भिंतींपासूनची कच्ची हद्द काढा. त्यातून हद्दीच्या स्पष्ट आत आणि स्पष्ट बाहेर असलेली दुकाने वेगळी पडतील. कडेवरची, म्हणजे साधारण ८० ते १०० मीटरमधली दुकाने प्रत्यक्ष टेपने मोजा, कारण मोबाइलच्या नकाशात काही मीटरची चूक सहज होते. मध्ये घरे असल्याने टेप सरळ जात नसेल तर नगरपालिकेच्या अभियंत्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयाच्या भूमापकाकडून मोजून घ्या आणि नकाशावर त्यांची सही घ्या. तो एक कागद पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतो.

आता यादी करा. प्रत्येक दुकानासाठी हे लिहा: प्रकार (टपरी, किराणा, चहाची गाडी, स्टेशनरी), भिंतीपासूनचे अंतर, चालकाचे नाव, जागा कोणाची, परवाना असल्यास क्रमांक, सुटी विक्री दिसली का, लायटर टांगला आहे का, वयाचा फलक आहे का, जाहिरात आहे का, आणि गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या सिगारेटच्या पाकिटांशेजारी आहेत का. यात ‘जागा कोणाची’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. टपरी नगरपालिकेच्या पदपथावर आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्याकडेला आहे, की खासगी ओट्यावर, यावर पुढचे पत्र कोणाला जायचे ते ठरते. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज तिथून हलायलाच महिने लागतात.

एक सावधगिरी. नियमांतली शैक्षणिक संस्थेची व्याख्या सक्षम प्राधिकरणाने स्थापन केलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संस्थांची आहे. शाळा, महाविद्यालये आणि आयटीआय त्यात सरळ बसतात. खासगी शिकवणी वर्ग आपोआप बसतीलच असे नाही. त्यांच्याभोवतीच्या दुकानांसाठी १८ वर्षांची अट आणि सुटी विक्रीची बंदी वापरा.

फलक आणि पिवळी रेषा

शाळेच्या प्रवेशद्वाराबाहेर फलक सक्तीचा आहे. ‘या शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या त्रिज्येत सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करण्यास सक्त मनाई असून तो २०० रुपयांपर्यंत दंडास पात्र गुन्हा आहे’ असा मजकूर हवा. तो पत्र्यावर रंगवून घ्या. फ्लेक्स एका पावसाळ्यात फाटतो. शाळेला एकापेक्षा जास्त दारे असतील तर प्रत्येक दाराला लावा.

आवारात ‘धूम्रपानास मनाई’चा फलक किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर असावा. त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, त्याची लाल कड किमान ३ सेंटिमीटर रुंद, आत धूर निघणारी सिगारेट किंवा विडी आणि तिच्यावर तेवढीच रुंद लाल पट्टी. तक्रार कोणाकडे करायची त्याचे नावही लिहायचे असते. पद बदलले की नाव बदला. तीन वर्षांपूर्वी बदली झालेल्या मुख्याध्यापकांचे नाव फलकावर दिसले की तो फलक कोणी बघत नाही हे सगळ्यांना कळते.

हद्दीची पिवळी रेषा ‘तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था’ या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. शंभर यार्डांची हद्द ज्या ज्या ठिकाणी रस्त्याला छेदते तिथे आडवी रेषा मारा आणि शेजारी ‘तंबाखूमुक्त परिसर’ असे लिहा. साधा ऑइलपेंट वाहनांखाली काही आठवड्यांत निघून जातो, म्हणून रस्त्यासाठी मिळणारा रंगच घ्या. रेषा मे महिन्यात, रस्ता कोरडा असताना आणि शाळा उघडण्याआधी मारावी. त्याआधी नगरपालिकेला विचारा की त्या रस्त्यावर डांबरीकरण ठरले आहे का. दिवाळीच्या सुट्टीत रेषा पुन्हा पाहून घ्या.

दुकानदाराशी पहिले बोलणे

यादीतल्या सगळ्या विक्रेत्यांना एकाच दिवशी, शाळेत किंवा पंचायतीत बोलवा. एकेकट्याला बोलावले तर प्रत्येकाला ‘माझ्याच मागे का लागलात’ असे वाटते. बैठकीला पोलीस ठाण्याचा माणूस हजर असावा, पण बोलणे सरपंचांनी किंवा मुख्याध्यापकांनी करावे. नकाशा दाखवा, कलमे वाचून दाखवा, लेखी सूचना द्या आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. माल हलवायला सात दिवस पुरेसे आहेत.

इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. तंबाखू हटवणे वेगळे आणि टपरी हटवणे वेगळे. शंभर यार्डांतली तंबाखू विक्री आजच बेकायदेशीर आहे. तिला मुदत देणे हा तुमचा समजूतदारपणा, विक्रेत्याचा हक्क नव्हे. नगरपालिका हद्दीतली टपरी हलवायची असेल तर मात्र २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते आणि विषय नगर पथविक्रेता समितीपुढे जातो, जिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. बहुतेक वेळा टपरी हलवण्याची गरजच नसते. तिथेच चहा, फळे, वह्या-पेन, झेरॉक्स चालू शकते. ज्याचे घर त्या टपरीवर चालते त्याला पीएम स्वनिधी योजनेतून खेळत्या भांडवलाचे कर्ज मिळवून देण्यासाठी अर्ज भरायला मदत करा. ही मदत नुसती दया नाही. ज्याला पर्याय मिळाला तो चोरून विकत नाही, आणि शेजारी कोण चोरून विकतो हेही तोच सांगतो.

तपासणी

मुलाला गिऱ्हाईक बनवून टपरीवर पाठवू नका, खात्री करून घेण्यासाठीसुद्धा. त्यात मूल धोक्यात येते, आणि त्याच्या हातात तंबाखू पडण्याला तुम्हीच कारण होता. त्याऐवजी मोठ्या माणसांनी निरीक्षण करावे. शाळा भरण्याआधीचा अर्धा तास, मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास, अशा तीन वेळा निवडून वेगवेगळ्या दिवशी पाहा. गणवेशातली मुले किती आली आणि काय घेऊन गेली एवढेच लिहा. मुलांची नावे लिहू नका, त्यांचे फोटो काढू नका.

पथकात पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी असावा, कारण कलम १२ खालचा प्रवेश आणि झडतीचा अधिकार त्या दर्जापासून सुरू होतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा तितक्या दर्जाचा अधिकारीही चालतो. गुटखा आणि पानमसाल्यावरची बंदी २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे, म्हणून तो माल सापडण्याची शक्यता असेल तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला आधी कळवा. एकाच फेरीत दोन्ही कायदे लागू होतात. पावती पुस्तके आणि कायद्याच्या प्रती जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे मागा. तो जिल्हा रुग्णालयात असतो.

पंचनाम्यात अंतर आकड्यात लिहा: ‘दक्षिण भिंतीपासून ६२ मीटर’. ‘शंभर यार्डांच्या आत’ किंवा ‘शाळेजवळ’ एवढेच लिहिले की बचावाला तेवढी फट पुरते. मोजणीचा सही केलेला नकाशा जोडा. पंच शाळेतले शिक्षक घेऊ नका. त्यांना रोज त्याच रस्त्याने यायचे असते, आणि गावात पंच म्हणून उभे राहण्याचा ताण त्यांच्यावर टाकणे योग्य नाही. जप्त मालाची यादी ब्रँड आणि नगसंख्येसह करा आणि इशारा नसलेली पाकिटे वेगळी बांधा.

दुकानात पाहायच्या गोष्टी: १८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री गुन्हा असल्याचा किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक आहे का, फुटलेले पाकीट आणि सुट्या सिगारेटींचा ग्लास आहे का, माल मुलाच्या हाताला लागेल असा मांडला आहे का, टपरीच्या छतावर किंवा फळ्यांवर कंपनीचा रंग आणि नाव आहे का. दुकानावर जास्तीत जास्त दोन फलक, तेही ६० बाय ४५ सेंटिमीटरपर्यंत चालतात. त्यांवर कोणत्या प्रकारचा तंबाखूजन्य माल मिळतो एवढेच लिहिता येते, ब्रँडचे नाव नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांवरची स्थगिती उठवली, तेव्हा ‘कोर्टात प्रकरण आहे’ ही सबब आता चालत नाही.

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला तपासणी करा, नंतर महिन्यातून एकदा, पण वार आणि वेळ ठरलेली नसावी. एक मोठा छापा घालून वर्तमानपत्रात फोटो येतो आणि आठवड्यात टपरी पूर्ववत होते. लहान पण नियमित फेऱ्यांना विक्रेते जास्त घाबरतात. तडजोडीने दंड घेऊन प्रकरण मिटवण्याची मुभा कलम २८ देते, सक्ती करत नाही. म्हणून पहिल्या वेळी दंड घ्या, दुसऱ्यांदा लेखी इशाऱ्यासह घ्या आणि तिसऱ्यांदा तडजोड न करता खटला पाठवा. न्यायालयाच्या तारखा विक्रेत्याला २०० रुपयांपेक्षा बऱ्याच महाग पडतात.

आणखी एक चूक सर्रास होते. पावत्यांचा आकडा दाखवण्यासाठी सार्वजनिक जागी ओढणाऱ्यांना पकडले जाते, कारण ते सोपे असते. कलम ४ खालची ती कारवाई आवश्यक आहेच, पण मुलांपर्यंतचा पुरवठा तिने थांबत नाही. महिन्याच्या अहवालात कलम ४ आणि कलम ६ च्या पावत्या वेगळ्या दाखवायला सांगा. चित्र लगेच उघडे पडते.

परवाना

वरचे सगळे नीट केले तरी विक्रेत्याकडे गमावण्यासारखे फारसे काही नसते. ते निर्माण करण्याचा मार्ग म्हणजे तंबाखू विक्रीचा स्वतंत्र परवाना. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून सुचवले की तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थेची परवानगी लागावी आणि अशा दुकानात गोळ्या, चॉकलेट, चिप्स, बिस्किटे, शीतपेये विकू देऊ नयेत. कारण उघड आहे: चॉकलेट घ्यायला आलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर सिगारेटची फळी असू नये. हिमाचल प्रदेशने तर २०१६ मध्ये सुटी विक्री आणि किरकोळ विक्रीचे नियमन यांसाठी स्वतंत्र कायदाच केला.

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे प्रस्ताव ठेवताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रभागनिहाय परवान्यांची कमाल संख्या ठरवा, मग शुल्क. उलटे केले तर शुल्क हे उत्पन्न होऊन बसते आणि दरवर्षी अंदाजपत्रकात ते वाढवण्यासाठी परवाने वाढवले जातात. अटींमध्ये एवढे हवेच: शंभर यार्डांत परवाना नाही, परवानाधारक दुकानात मुलांच्या खाण्याच्या वस्तू नाहीत, सुटी विक्री आढळल्यास पहिल्यांदा सात दिवस आणि दुसऱ्यांदा तीस दिवस निलंबन, तिसऱ्यांदा रद्द, रद्द झालेला परवाना त्याच जागेवर दुसऱ्याच्या नावाने मिळणार नाही. ही शेवटची अट राहून गेली की आठवड्यात भावाच्या नावाने अर्ज येतो. उपविधी मंजुरीसाठी पाठवण्याआधी नगरपालिकेच्या वकिलाकडून तपासून घ्या.

‘परवाना दिला म्हणजे तंबाखूला मान्यता दिली’ असा आक्षेप सभेत नक्की येईल. आज तोच माल कोणतीही नोंद नसताना विकला जातो आहे. परवान्याने निदान दुकाने किती आणि कुठे हे कळते, आणि काढून घेण्यासारखे काही हातात येते.

ग्रामपंचायतीसाठी

गावात उपविधीची वाट पाहण्यापेक्षा दोन सोपी हत्यारे आहेत. पहिले ग्रामसभेचा ठराव. त्याचा नमुना: ‘ग्रामसभा ठराव करते की, गावातील सर्व शाळा व महाविद्यालयांच्या हद्दीपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री होऊ देणार नाही, गावात सुटी सिगारेट-विडी व १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकू देणार नाही, ग्रामपंचायतीच्या मालकीच्या गाळ्यांच्या व जागांच्या करारात ही अट समाविष्ट करण्यात येईल, या ठरावाच्या अंमलबजावणीचा अहवाल प्रत्येक ग्रामसभेत वाचण्यात येईल.’ ठरावाची प्रत पोलीस ठाणे, गटविकास अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला आवक क्रमांकासह द्या.

दुसरे हत्यार गाळ्यांचा भाडेकरार. बाजारपेठेतले बरेच गाळे पंचायतीचेच असतात. नूतनीकरणाच्या वेळी एक ओळ वाढवा: तंबाखूविषयक कायद्याचा भंग सिद्ध झाल्यास करार संपुष्टात येईल. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही, आणि २०० रुपयांच्या दंडापेक्षा गाळा जाण्याची भीती कितीतरी मोठी आहे. आठवडी बाजाराच्या पावतीमागेही हीच अट छापता येते.

शाळेच्या आत

शिक्षक, शिपाई, बसचालक आणि बांधकामाला आलेले मजूर यांनी आवारात तंबाखू वापरली तर बाहेरची सगळी कारवाई पोकळ ठरते. आचारसंहितेत तसे लिहा आणि सेवकवर्गाची सही घ्या. मुख्याध्यापकांना आपल्या आवारात धूम्रपान करणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार २००८ च्या नियमांनी दिलेला आहे. केंद्राच्या सूचनांनुसार ‘तंबाखू मॉनिटर’, म्हणजे आवारातल्या तंबाखूबंदीवर लक्ष ठेवणारा, नेमा आणि सहा महिन्यांतून किमान एक उपक्रम घ्या. तो ३१ मे रोजी ठेवू नका. जागतिक तंबाखूविरोधी दिन आपल्याकडे उन्हाळी सुट्टीत येतो आणि त्या दिवशी शाळेत मूल नसते. जूनअखेर आणि दिवाळीनंतरचा आठवडा सोयीचा.

तंबाखू कंपनीचे किंवा तिच्याशी जोडलेल्या संस्थेचे पैसे, वह्या, क्रीडास्पर्धांचे प्रायोजकत्व घेऊ नका. ‘धूम्रपान हे मोठ्यांचे काम आहे’ असे मुलांना शिकवणारे त्यांचे कार्यक्रम तर मुळीच नकोत. मोठे होण्याची घाई असलेल्या वयाला त्यातून आमंत्रणच मिळते.

मुलगा सापडला तर निलंबित करू नका. शाळेबाहेर घालवलेला दिवस तो बहुधा त्याच टपरीवर घालवेल. पालकांना बोलवा, माल कुठून मिळाला ते शांतपणे विचारा, समुपदेशन सुरू करा. सवय लागली असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखू मुक्ती दूरध्वनी सेवा निःशुल्क आहे. तिचा क्रमांक पाकिटांवरही छापलेला असतो.

फरक पडला का, ते कसे पाहायचे

निनावी प्रश्नावलीचा मोह होतो, पण छोट्या शाळेत तिच्या आकड्यांवर विसंबू नका. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातली १३ ते १५ वयोगटातली ८.५ टक्के मुले तंबाखू वापरत असल्याचे दिसले. २०० मुलांच्या शाळेत ते प्रमाण १७ मुले इतके होते. पुढच्या वर्षी १३ किंवा २१ आली तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. प्रश्नावली तालुक्यातल्या सगळ्या शाळा मिळून घ्या. एका शाळेपुरते पाहायचे तर शंभर यार्डांत विकणारी दुकाने किती उरली, किती दुकानांत सुटी विक्री दिसली आणि स्वच्छतागृहामागे व मागच्या भिंतीलगत महिन्यातून एकदा किती थोटके सापडली, हे तीन आकडे पुरतात.

दुकाने हद्दीबाहेर ९५ मीटरवर सरकली तर नाराज होऊ नका, पण यादीत ठेवा. तिथे वयाची अट आणि सुटी विक्रीबंदी लागू आहेच. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीतून विक्री सुरू झाली तर ती निरीक्षणातच सापडते: मुले आत जातात आणि रिकाम्या हातांनी बाहेर येतात.

वरच्या पातळीवर मागायचे ते

विक्रीचे वय २१ करणे हे पुढचे पाऊल आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅम या गावाने २००५ मध्ये ते केले. २००६ ते २०१० या काळात तिथल्या हायस्कूलमधल्या मुलांचे धूम्रपान १३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. आजूबाजूच्या गावांत ते १५ वरून १२ वरच थांबले होते. कारण असे की शाळकरी मुलांना माल आणून देणारे बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचे मित्रच असतात. वय २१ केले की हा दुवा वर्गाबाहेर जातो.

कर्नाटकने कोटपाला राज्य दुरुस्ती करून हे वय २१ केले, आणि २०२५ मध्ये ती राष्ट्रपतींच्या संमतीने अमलात आली. निपाणी आणि बेळगावात आज विक्रीचे वय २१ आहे, तर सीमेपलीकडे कागल आणि गडहिंग्लजमध्ये १८. सीमेलगतच्या तालुक्यांत दोन्हीकडच्या तपासण्या एकाच आठवड्यात ठेवल्या नाहीत तर विक्री नुसती पलीकडे सरकेल. महाराष्ट्रानेही हुक्क्यासाठी २०१८ मध्ये याच मार्गाने दुरुस्ती केली होती. आमदारांना निवेदन देताना त्यात दोनच मागण्या ठेवा: विक्रीचे वय २१ आणि कलम ६ च्या दंडात वाढ. सोबत आपल्या हद्दीचा सही केलेला नकाशा आणि सहा महिन्यांच्या पावत्यांचा गोषवारा जोडा. एकाच टपरीवर चार वेळा २०० रुपये दंड होऊनही ती चालू असल्याचे त्या गोषवाऱ्यात दिसले, तर दंड का वाढवायचा हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.